अनोळखी विषयाची तालीम

छायाचित्रणाचा छंद जडून दहा-बारा वर्षे लोटलेल्या माणसाचा संग्रह जर कोणी अलिप्त नजरेने पाहिला, तर त्यावर बहुधा दोन-तीन विषयांचाच अंमल चालू असल्याचे आढळते. कोणाकडे गडकिल्ल्यांवरचे सूर्यास्त, कोणाकडे पाणवठ्यावरचे पक्षी, कोणाकडे घरातल्या लेकरांचे हसरे चेहरे. आणि त्या त्या विषयापुरता त्याचा हात इतका बसलेला असतो की, कॅमेरा डोळ्याशी नेण्यापूर्वीच कोणते भिंग लावायचे, कोठे उभे राहायचे आणि उजेड कोणत्या अंगाने घ्यायचा याचा निवाडा मनात होऊन गेलेला असतो. हे कौशल्य कष्टार्जित असते आणि त्याची अवहेलना करण्याचा माझा हेतू नाही. परंतु जे निर्णय आपोआप होऊ लागतात त्यांची फेरतपासणी होण्याचे बंद होते. अमुक ठिकाणी आपण असे का केले, याचे उत्तर पुढे पुढे करणाऱ्यालाही देता येईनासे होते, आणि मग संग्रह वाढत असता नजर मात्र जागच्या जागी राहते. अनोळखी विषय हाती घेतला की हे सारे निवाडे पुन्हा सुनावणीस येतात. पुष्कळांची समजूत अशी असते की, शैली ही आधी मनात ठरवावी आणि मग तिला साजेसे विषय शोधावेत. थोर छायाचित्रकारांच्या कारकिर्दी बारकाईने पाहिल्यावर मला याच्या उलट अनुक्रम दिसत आला आहे. विषय काहीतरी मागतो, त्या मागणीला निष्ठेने उत्तरे द्यावी लागतात, आणि अशा उत्तरांच्या संचयाला लोक मागाहून शैली म्हणू लागतात. म्हणून ज्याला आपली शैली शिळी झाल्यासारखी वाटते त्याने प्रथम विषय बदलून पाहावा, असे माझे सांगणे आहे.

या प्रतिपादनाच्या पुष्ट्यर्थ ज्या एका आयुष्याचा दाखला मला सर्वांत सबळ वाटतो, ते एडवर्ड स्टायकेन याचे. त्याचा जन्म १८७९ साली लक्झेंबर्गमध्ये झाला. तो अगदी लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत गेले, आणि पंधराव्या वर्षी त्याने मिलवॉकी शहरातील एका शिळाछापाच्या कारखान्यात उमेदवारी पत्करली. १८९५ साली त्याने जुना कॅमेरा विकत घेतला. पहिल्या पन्नास छायाचित्रांपैकी केवळ एकच, पियानोशी बसलेल्या बहिणीचे, धड उमटले. पन्नासांत एक हा हिशेब वडिलांना निराशाजनक वाटला, तर आईला ते एक चित्र इतके सुंदर वाटले की बाकीच्या एकोणपन्नासांचे काही वाटेनासे झाले. त्या काळी छायाचित्रणाला कला म्हणून मान्यता मिळावी यासाठी झटणाऱ्यांचा एक मोठा पंथ युरोप-अमेरिकेत होता आणि त्यांचा सारा कटाक्ष चित्रकलेच्या जवळ जाण्यावर होता. रेषा मृदू असाव्यात, तपशील धुक्यात विरघळावेत, आणि छापील प्रत पाहताना ती यंत्राने घेतली आहे याचा विसर पडावा, हे त्यांचे ध्येय. स्टायकेन या पंथाचा लवकरच अग्रणी झाला. भिंगावर पाण्याचा शिडकावा करावा, किंवा चित्र घेता घेता कॅमेऱ्याच्या तिपाईला हलकासा धक्का द्यावा म्हणजे कडा विरतात, हे त्याने स्वतःच्या प्रयोगांतून हेरले होते. डिंकाच्या पाण्यात रंग आणि प्रकाशात डिंक घट्ट करणारा बायक्रोमेटचा क्षार मिसळून कागदावर थर द्यायचा, निगेटिव्हखाली तो उन्हात धरायचा आणि मग नको असलेला रंग पाण्याने, कुंचल्याने धुऊन काढायचा, ही डिंकछपाईची किचकट प्रक्रिया त्याने पूर्णतः आत्मसात केली. १९०२ साली शिल्पकार रोदँ याचे जे प्रसिद्ध चित्र त्याने तयार केले, त्यात शिल्पकार, त्याचा ‘विचारमग्न पुरुष’ आणि मागे व्हिक्टर ह्यूगोची शुभ्र प्रतिमा हे तिन्ही एका चौकटीत दिसतात. वस्तुतः ती दोन निगेटिव्हांची जुळणी आहे, कारण गर्दीने भरलेल्या त्या कार्यशाळेत एकाच भिंगातून हे सारे सामावणे शक्य नव्हते. पस्तिशीच्या आत त्याची कीर्ती अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर पसरली होती, आणि त्याच वाटेने तो आयुष्यभर चालत राहिला असता तर कोणी त्याला नावे ठेवली नसती.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि स्टायकेन सैन्यात दाखल झाला. फ्रान्समध्ये अमेरिकी सैन्याच्या हवाई छायाचित्रणाची जबाबदारी त्याच्याकडे आली, आणि येथे त्याच्या आजवरच्या विद्येला असा विषय भेटला की ज्याच्यापुढे तिचा काडीइतकाही उपयोग नव्हता. कित्येक हजार फुटांवरून, थरथरणाऱ्या विमानातून, धुरकट हवेच्या जाड थराआडून शत्रूचे खंदक, तोफा आणि काटेरी तारांची कुंपणे टिपायची होती. धूसरपणा हा आता काव्यगुण राहिला नव्हता. कड विरलेली एक तोफ नकाशावर चुकली, तर तिची किंमत पायदळातील शिपायांना प्राणांनी मोजावी लागणार होती. हवेतील धूळ व बाष्प निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून त्याला अडविणारी पिवळी काच भिंगापुढे लावावी लागे. विमानाच्या कंपनाने चित्र हलू नये म्हणून शटरचा वेग वाढवावा लागे, आणि वेग वाढला की पुरेसा प्रकाश आत यावा यासाठी भिंगाचे छिद्र मोठे ठेवूनही कडा तीक्ष्ण राखणारे भिंग पाहिजे. हे झाले घेण्यापुरते. वाचण्याचे शास्त्र त्याहून सूक्ष्म आहे. सरळ वरून घेतलेल्या चित्रात उंची दिसतच नाही. ती सांगते सावली. झाडाची सावली झाडाच्या आकाराची, तोफेची तोफेच्या आकाराची, आणि ताज्या उकरलेल्या मातीचा रंग भोवतालच्या मातीपेक्षा निराळा. एवढेच काय, चित्र टेबलावर ठेवताना सावल्या पाहणाऱ्याच्या दिशेने पडतील असे ठेवावे लागते, कारण उलट ठेवल्यास डोळा फसून खड्डे उंचवटे भासू लागतात आणि उंचवटे खड्डे. ज्या माणसाने वीस वर्षे तपशील विरघळविण्याची साधना केली होती, त्याला सरकारी हुकुमान्वये तपशिलाची पूजा करावी लागली. आणि आश्चर्य असे की, युद्ध संपले तेव्हा या पूजेचे त्याला खरोखरीच वेड लागले होते.

युद्धानंतर तो फ्रान्समधील व्हूलांजी या गावच्या आपल्या घरी परतला. तोवर त्याने आपली गणना चित्रकारांतही केली होती. पुढे त्याने तेथील स्वतःची तैलचित्रे बागेत जाळून टाकली आणि केवळ छायाचित्रण हाच आपला व्यवसाय ठरविला. त्यापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती त्या काळातील त्याची तालीम. चाळिशी ओलांडलेल्या, जगद्विख्यात अशा या माणसाने एक पांढरी कपबशी घेतली, शुभ्र पांढऱ्यापासून करड्याच्या चढत्या छटांतून काळ्याभोर मखमलीपर्यंत जाणाऱ्या पट्टीसमोर ती ठेवली, आणि तिची हजाराहून अधिक छायाचित्रे घेतली. प्रदर्शनात मांडण्यासाठी यांतील एकही नव्हते. पांढऱ्यातला पांढरेपणा आणि काळ्यातला काळेपणा आपल्या हुकमतीत आणावयाचा, एवढाच हेतू. याच सुमारास त्याने तीन नासपाती आणि एक सफरचंद यांचे एक चित्र घेतले. कांबळी पांघरून त्याने एक अंधारा तंबू केला, भिंगाचे छिद्र अत्यंत बारीक केले, आणि सुमारे छत्तीस तास ते उघडे ठेवले. एवढ्या अवधीत रात्रीच्या गारव्याने व दिवसाच्या उष्णतेने फळे आणि त्यांभोवतीचे सारे साहित्य कणमात्र आकुंचन-प्रसरण पावत राहिले, त्यामुळे काचेवर एकाच्या जागी अनेक प्रतिमा एकमेकींवर अलगद बसत गेल्या, आणि फळांना जे वजन व जी गोलाई आली ती एका क्षणाच्या चित्रात येत नाही.

कपबशीचा हा प्रयोग कोणत्याही घरात करता येण्याजोगा आहे, आणि छायाचित्रणाच्या विद्यार्थ्यास यापेक्षा उत्तम पाठ मला ठाऊक नाही. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही अशा उत्तरेकडील खिडकीशी टेबल ओढावे, त्यावर साधी पांढरी चिनी मातीची कपबशी ठेवावी आणि मागे प्रथम पांढरा कागद लावावा. कॅमेऱ्याने स्वतः ठरविलेल्या मापाने चित्र घेतले तर पाहणाऱ्याला नवल वाटेल: कप पांढरा दिसतच नाही, पावसाळी ढगासारखा करडा दिसतो. याचे कारण असे की, कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचा पदार्थ पांढरा आहे की काळा हे जाणत नाही. जे काही समोर येईल ते मध्यम करडे आहे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणारे आहे, असे गृहीत धरून तो माप सांगतो. म्हणून पांढऱ्याला पांढरे ठेवायचे तर त्याच्या मापाहून दीड ते दोन स्टॉप प्रकाश अधिक द्यावा लागतो. हे सूत्र पुस्तकात वाचणे निराळे आणि एक तृतीयांश स्टॉपने माप वाढवीत, कपाच्या कडेवरचा चकाकणारा ठिपका कोणत्या चित्रात नुसता पांढरा डाग होतो, बशीच्या खोलगट भागातली फिकी सावली कोणत्या चित्रात नाहीशी होते, हे एकापाठोपाठ एक पाहत जाणे निराळे. पुढची अडचण याहून चमत्कारिक आहे. पांढऱ्या कागदापुढे पांढरा कप आपली कडच गमावून बसतो. त्या वेळी काळ्या कापडाचा एक तुकडा चौकटीच्या बाहेर, कपाच्या एका अंगाला धरून पाहावा. झिलई दिलेल्या मातीत त्याचे प्रतिबिंब एक बारीक काळपट रेघ होऊन उमटते आणि कपाचा घेर एकदम उठून दिसतो. कापड चार बोटे पुढे सरकविले तर रेघ रुंदावते, मागे नेले तर विरते. कानाच्या पोकळीतून पलीकडे पडणारी सावली, बशीच्या काठावरची दुहेरी चमक, कपाच्या तळाशी परावर्तित प्रकाशाने आलेला उजळपणा, हे सारे तासाभरात एका माणसाला इतके परिचित होते की पुढे तो आषाढातील पालखीच्या वाटेवर उभा राहिला आणि समोर पांढऱ्या टोप्यांचा व धोतरांचा लोट आला, तर त्याचा हात आपोआप माप वाढवितो, आणि टोपीखालचे सावळे चेहरे काळवंडत नाहीत. पावसाळ्यात सह्याद्रीच्या धारेवर दाटलेल्या धुक्यालाही हाच न्याय लागू. कपबशीने शिकविलेले कपबशीपाशी राहत नाही.

स्टायकेनच्या चरित्रातील आणखी एक प्रसंग येथे नोंदण्याजोगा आहे. १९२३ साली ‘व्होग’ आणि ‘व्हॅनिटी फेअर’ या मासिकांच्या प्रकाशन संस्थेने त्याला प्रमुख छायाचित्रकार नेमले. तोपर्यंतचे त्याचे सारे काम नैसर्गिक उजेडातले. विजेच्या दिव्यांनी चित्र घेण्याची त्याला सवय नव्हती. पहिल्याच कामगिरीच्या वेळी विजेचे काम पाहणारा माणूस, दिवे कोठे लावू, असे विचारू लागला, तेव्हा त्याने काही चादरी मागविल्या, त्यांच्या जाड घड्या दिव्यांपुढे धरल्या, आणि उघड्या दिव्याचा कठोर झोत मवाळ करून त्याने आपल्या ओळखीचा उजेड परक्या साधनातून निर्माण केला. पण तो तेथे थांबला नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. एकामागून एक वर्षे त्याने दिव्यांचा अभ्यास केला, पुढच्या काळात तो कठोर झोतही हवा तेथे बेधडक वापरू लागला, आणि १९२४ साली नटी ग्लोरिया स्वॉन्सन हिचे काळ्या जाळीआडून रोखून पाहणारे जे चित्र त्याने घेतले ते आजही व्यक्तिचित्रांच्या इतिहासात अग्रपूजेचा मान मिळविते. नव्या विषयाकडे जाताना जुनी विद्या घराबाहेर ठेवून जावे लागते असे नाही. ती बरोबर न्यावी, पहिल्या संकटात तिचा आधार घ्यावा, आणि पाय स्थिर झाल्यावर तिची सवय हळूहळू सोडावी.

स्टायकेनवर विषय लादला तो युद्धाने. इमोजेन कनिंगहॅम हिच्यावर तो लादला घराने, आणि ही दुसरी कथा आपल्याकडील पुष्कळ गृहिणींना अधिक जवळची वाटेल. १८८३ साली जन्मलेली ही अमेरिकन स्त्री वॉशिंग्टन विद्यापीठात रसायनशास्त्र शिकली, जर्मनीतील ड्रेसडेन येथे छायाचित्रणाच्या रसायनाचा अभ्यास करून आली आणि १९१० साली सिएटलमध्ये तिने व्यक्तिचित्रांचा स्टुडिओ काढला. तिचेही आरंभीचे काम त्याच मृदू, स्वप्नाळू पंथातले. १९१५ साली पहिला मुलगा झाला, १९१७ साली जुळे मुलगे झाले, आणि त्याच वर्षी बिऱ्हाड कॅलिफोर्नियात हलले. तीन लहान मुले सांभाळीत दूरवर हिंडणे अशक्य. म्हणून परसातली झाडे हाच तिचा मुलूख झाला. १९२० नंतरच्या दशकात तिने फुले, पाने, निवडुंग आणि कंद यांची जी चित्रे घेतली, त्यांतील मॅग्नोलियाच्या फुलाचे चित्र जगप्रसिद्ध आहे: चौकट संपूर्ण व्यापून टाकणाऱ्या पाकळ्या, आणि मधोमध केसरांचा उभा स्तंभ इतक्या निर्मळ स्पष्टतेने आलेला की पाहणाऱ्याने हात लावून पाहावा. ही स्पष्टता तिने आवडीखातर निवडली असे मानण्यापेक्षा फुलाने ती मागितली असे मी म्हणेन, कारण फूल जवळून घेणे ही तांत्रिकदृष्ट्या फार कडक परीक्षा आहे. पदार्थाच्या मूळ आकाराएवढे चित्र घ्यावयाचे झाले की भिंग फिल्मपासून इतके दूर न्यावे लागते की आत येणारा प्रकाश दोन स्टॉपने घटतो. आणि स्पष्ट दिसणारा थर तर आजच्या नेहमीच्या कॅमेऱ्यातही, एफ ८ एवढे छिद्र ठेवून, अवघा एक-दोन मिलिमीटर जाड राहतो. मोगऱ्याच्या फुलावर हा प्रयोग करून पाहावा. पुढच्या पाकळीची कड रेखीव आली तर मागची विरते, आणि देठ तर नुसता हिरवा धूर होतो. छिद्र बारीक करावे तर काल लांबतो, काल लांबला तर वाऱ्याची एक झुळूक सारे बिघडविते. म्हणून छायाचित्रकाराला प्रश्न पडतो की या फुलाचा कोणता एक थर मला पाहिजे, आणि फुलाच्या पातळीला समांतर कॅमेरा नेऊन अधिकांत अधिक भाग त्या थरात कसा आणता येईल. ज्याने आयुष्यभर मोकळ्या निसर्गाची चित्रे घेतली, जेथे पायाखालच्या गवतापासून क्षितिजापर्यंत सर्व काही आपोआप स्पष्ट येते, त्याला हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो.

१९३२ साली कॅलिफोर्नियातील ज्या मंडळींनी ‘एफ ६४’ या नावाचा गट स्थापिला, त्यांत कनिंगहॅम होती, ॲन्सल ॲडम्स होता आणि एडवर्ड वेस्टन होता. मोठ्या कॅमेऱ्यांच्या भिंगाचे अगदी बारीक छिद्र, ज्याने जवळचे-दूरचे सारे तीक्ष्ण उमटते, तेच त्यांनी निशाण म्हणून मिरविले. वेस्टनचाही मार्ग असाच वळणाचा. मृदू व्यक्तिचित्रांवर नाव कमावलेला हा स्टुडिओवाला १९२२ साली ओहायोतील एका पोलादाच्या कारखान्याची धुराडी पाहतो, पुढच्या वर्षी स्टुडिओ मागे ठेवून मेक्सिकोस जातो, आणि १९३० साली एक वेडीवाकडी ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचे असे चित्र घेतो की पाहणाऱ्याला पाठमोऱ्या, पीळदार मानवी देहाचा भास व्हावा. नरसाळ्याच्या उतरत्या भिंतींनी मिरचीला चारी अंगांनी परावर्तित उजेड दिला. ही युक्ती हाती येण्यापूर्वी त्याने कित्येक मिरच्यांवर कित्येक दिवस घालविले होते, आणि या विख्यात चित्राचा अनुक्रमांकच ३० आहे.

येथे एका शंकेचा परामर्श घेणे अवश्य आहे. कोणी म्हणेल की, शैली बदलण्यासाठी एवढ्या यातायातीची गरज काय. आजच्या भ्रमणध्वनीत बोट फिरविताच चित्र जुनाट, कृष्णधवल किंवा तैलचित्रासारखे होते. होते खरे, पण त्यात पाहणाऱ्याच्या नजरेला कोणतेही उत्तर शोधावे लागत नाही. निर्णय घेणारा तिसराच कोणी असतो आणि आपण केवळ त्यावर शिक्का मारतो. थोरांचे अनुकरण मात्र मी निषिद्ध मानीत नाही. एखाद्याने वेस्टनची मिरची समोर ठेवून आपल्या घरच्या मिरचीवर जसाच्या तसा उजेड आणण्याचा आठवडाभर प्रयत्न केला, तर त्याला जे कळेल ते दहा व्याख्यानांनी कळणार नाही. उमेदवारीत नक्कल ही करावीच लागते. अट एवढीच की ती हाताने करावी.

विषय कोणता निवडावा याविषयी माझे मत स्पष्ट आहे: आपल्या सवयीच्या नेमका विरुद्ध. स्थिर वस्तूंवर हात बसलेल्याने बाजारपेठेत जावे, आणि माणसांच्या गर्दीत रमणाऱ्याने महिनाभर एका दगडी चौथऱ्याशी बसावे. बाजारात जाणाऱ्याला फोकस साधण्यास अवधी मिळणार नाही, म्हणून त्याने ३५ मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र एफ ८ वर ठेवून अंतर एकदाच पाच मीटरांवर कायम करावे; त्यायोगे सुमारे अडीच मीटरांपासून पुढचे सर्व काही पुरेसे स्पष्ट येते, आणि डोळे यंत्रावरून उठून माणसांवर स्थिरावतात. मुदतही ठरवून घ्यावी, आणि ती एका ऋतूहून कमी नसावी. पहिल्या पंधरवड्यात नव्या विषयावर जी चित्रे निघतात ती जुन्याच सवयींची असतात. किल्ल्यांचा छायाचित्रकार भाजीवालीलाही बुरुजासारखी मधोमध आणि खालून टिपतो. वयाची सबब मी ऐकून घेणार नाही. हंगेरीत जन्मलेल्या आंद्रे केर्तेश याने पत्नीच्या निधनानंतर, ऐंशी ओलांडल्यावर, तत्काळ रंगीत प्रत हाती देणारा पोलरॉइड कॅमेरा घेतला आणि न्यूयॉर्कमधील आपल्या घराच्या खिडकीत काचेची छोटी मूर्ती ठेवून कामाचा नवा अध्याय सुरू केला. कनिंगहॅमने तर बाण्णवाव्या वर्षी, नव्वदी उलटलेल्या माणसांची व्यक्तिचित्रे घेण्याचा संकल्प सोडला.

अनोळखी विषय जेव्हा माणूस असतो, किंवा माणसाच्या घरातली, श्रद्धेतली वस्तू असते, तेव्हा मात्र तंत्राच्या आधी दुसरा विचार येतो. याचा उत्तम वस्तुपाठ ज्योती भट्ट यांनी घालून दिला आहे. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात घडलेले हे चित्रकार आणि मुद्राचित्रकार. १९६७ च्या सुमारास मुंबईच्या भारतीय विद्या भवनाच्या एका परिसंवादाच्या निमित्ताने त्यांनी गुजरातच्या लोककलांची छायाचित्रे घेण्याचे काम अंगावर घेतले, आणि त्या एका कामातून दशकानुदशके चाललेला एक विशाल दस्तऐवज उभा राहिला: भिंतींवरची चित्रे, अंगणातली रेखाटने, गोंदलेले हात, आणि ही सारी कला जिच्या हातून उमटते ती स्त्री त्याच चौकटीत, आपल्या दाराशी उभी. प्रयोगशील आधुनिक चित्रकाराकडून कोणी चमत्कृतीची अपेक्षा केली असती. या चित्रांत छायाचित्रकार जाणूनबुजून मागे सरतो आणि भिंतीला बोलू देतो. विषयाने मागितलेली शैली ती हीच.

आपल्याकडे पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली घरांतील लग्नाचा चौक पाहण्याचा योग ज्याला येईल, त्याला ही मागणी प्रत्यक्ष अनुभवता येईल. कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपून त्यावर गेरूचा हात दिलेला असतो, आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषेने सवाशिणी त्यावर पालघट देवीचा चौक लिहितात. खोली अंधारी, भिंत तपकिरी, रेषा केसासारखी. कपबशीच्या वेळी प्रकाशमापकाचे माप वाढवावे लागले होते, येथे ते घटवावे लागते. न घटविल्यास भिंत फिकी मातकट होते आणि रेषा जळून जाड होतात. कॅमेऱ्यावरचा दिवा समोरून चमकविला तर लिंपणातली बोटांची वळणे सपाट होऊन जातात, त्यापेक्षा दार उघडून अंगावरून येणारा उजेड घ्यावा, कॅमेरा तिपाईवर स्थिर करावा आणि काही सेकंद धीर धरावा. पण हे सारे नंतरचे. प्रथम घरच्या वडीलधाऱ्यांची परवानगी घ्यावी, विधी चालू असेल तर कॅमेरा पिशवीतच ठेवावा, आणि चौक कोणी लिहिला तिचे नाव, गाव, पाडा व तारीख वहीत टिपून घ्यावी, कारण ही भिंत पुढे कधीतरी पुन्हा लिंपली जाणार आहे आणि तेव्हा त्या टिपणावाचून चित्राचा निम्मा अर्थ हरवेल. छापलेली एक प्रत त्या घरी आठवणीने पोहोचती करावी.